ऋतूंच्या खेळांचा संच: दुसरीच्या वर्गात वापरून पाहिला
माझ्या ३२ मुलांसाठी हा संच मागवला. पावसाळ्याचा भाग झकास! डबक्याच्या कडेने दर तासाला खडूने रेघ मारायची. रेघा आत आत सरकत गेल्या आणि पाणी गेलं कुठे, यावरून वर्गात जुंपली. पर्जन्यमापकाची बाटली मात्र तळाशी निमुळती, म्हणजे मिलिमीटरचं माप चुकणारच. मी सरळ उभ्या बरणीला पट्टी चिकटवली. पानांच्या ठशांसाठी दिलेला कागद इतका जाड की शिराच उमटेनात. पान उलटं ठेवून, वर साधा पातळ कागद धरून मेणाचा खडू आडवा फिरवला, तेव्हा कुठे जमलं. हिवाळ्यातला सावली मोजायचा खेळ ठीकठाक. स्टिकर (कशाला देतात कोण जाणे!) पहिल्याच दिवशी बाकांवर. पावसाळ्याचा भाग सुटा मिळाला तर पुन्हा घेईन.