पाठीवरचा पेट्रोल ब्लोअर: वणव्यासाठी घ्यावा का?

डोंगरउतारावर काजूची किंवा हापूसची बाग आणि बागेतच घर असेल, तर वणव्यावर उपाय म्हणून हल्ली दुकानदार आधी ब्लोअर, म्हणजे जोराचा वारा मारून पाला उडवणारं मशीन, पुढे करतात. वनखात्याची पथकं ब्लोअर वापरतात, हे खरंच आहे. पण त्या पथकात पाच-सहा माणसं असतात, त्यांचा सराव झालेला असतो आणि पुढे जळायला जंगल असतं, घर नसतं. बागायतदाराच्या बाबतीत निकाल वेगळा लागतो: मशीन घ्यावं, पण ते डिसेंबरात जाळरेषा, म्हणजे आग ओलांडू नये म्हणून बागेभोवती साफ केलेली पट्टी, काढायला चालवायचं म्हणून घ्यावं. एप्रिलमध्ये आग अंगावर आल्यावर पाठीला लावू, या हिशेबाने घेणाऱ्याचे पैसे वाया जातात.

उदाहरणासाठी बाजारातला नावाजलेला, स्टिल कंपनीचा बीआर ६०० धरू. इंजिन ६४.८ सीसी, वजन ९.८ किलो, टाकी १.४ लिटर. पूर्ण थ्रॉटलवर ही टाकी तासभरही पुरत नाही. पाठीवर टाकी भरलेली, पायाखाली जांभा, उतार तीस अंशांचा, अशा जागी एका माणसाने सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त चालवू नये. दोघांनी आलटून-पालटून चालवावं. हातात धरायचे २६ सीसीच्या आसपासचे ब्लोअर अंगण आणि पत्र्यासाठी ठीक आहेत. दवाने चिकटलेला काजूचा पातेरा त्यांना उचलत नाही. बॅटरीवरचे ब्लोअर शांत चालतात, पण जाळरेषा लांब असेल तर तिथे वीज नसते आणि चार बॅटऱ्या कोणी घेऊन ठेवत नाही.

या मशीनच्या इंधनात एक फसवी जागा आहे. इंजिनाला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह आहेत, म्हणून ‘हे फोर-स्ट्रोक आहे’ असं ऐकून लोक साधं पेट्रोल ओततात आणि इंजिन जाम होतं. वंगणासाठी वेगळी ऑइल-टाकी नाही. मिश्रणच लागतं, ५० ला १. म्हणजे ५ लिटर पेट्रोलला १०० मिली टू-स्ट्रोक ऑइल, तेही आधी कॅनमध्ये हलवून. अनेक घरांत शेजारीच होंडाच्या जीएक्स ३५ इंजिनाचा ग्रासकटर असतो. त्याला साधं पेट्रोल आणि वेगळं इंजिन ऑइल लागतं. दोन कॅन दोन रंगांचे ठेवा, वर मोठ्या अक्षरात लिहा. गड्याला तोंडी सांगून हे काम भागत नाही.

आता मुख्य काम, जाळरेषा काढण्याचं. ब्लोअर उभं गवत कापत नाही, हे दुकानात कोणी सांगत नाही. आधी ग्रासकटर, मग दाताळं, शेवटी ब्लोअर. गवत ऑक्टोबरात कापलं तर ओलीवर पुन्हा फुटतं. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, पिवळं पडायला लागल्यावर कापावं. दोन-तीन दिवस वाळू द्यावं, दाताळ्याने ओढून बाहेर काढावं आणि उरलेली काडी-पाती ब्लोअरने उडवून माती उघडी करावी. सपाटीवर तीन मीटर रुंदी चालते. उताराच्या खालच्या बाजूला मात्र दुप्पट ठेवा, कारण आग चढावर धावते: दर दहा अंश चढाला तिचा वेग साधारण दुप्पट होतो. गडग्याला लागून रेषा काढली तर गडग्याच्या दोन्ही बाजू साफ हव्यात. दगडांच्या फटीत साठलेला पाला धुमसत राहतो आणि दुसऱ्या दिवशी पलीकडे पेट घेतो.

सर्वांत जास्त दिसणारी चूक अशी: ब्लोअरवाला रेषेच्या मधून चालतो आणि पातेरा दोन्ही कडांना ढकलतो. कडेला गुडघाभर उंचीचा पातेऱ्याचा बांध तयार होतो. आग त्या बांधाला लागली की ज्वाळा वाकून रेषा ओलांडते, म्हणजे साफ केलेली पट्टी असून नसल्यासारखी. एका कडेने सुरुवात करून सगळा पाला बागेच्या बाहेरच्या बाजूला न्यावा आणि तिथे पसरून टाकावा, ढीग करू नये. आतल्या कलमांच्या आळ्यातलं आच्छादन ठेवायला हरकत नाही, ओलावा धरतं. फक्त रेषेपासून पहिल्या दोन ओळींतलं काढून खड्ड्यात कुजवा. ठिबकची नळी रेषेच्या कडेने गेली असेल तर ती आत सरकवा. आग झाडाला चाटून गेली तर झाड कधी कधी वाचतं, काळी नळी मात्र वितळतेच आणि मग ऐन मे महिन्यात कलमं पाण्यावाचून मरतात.

रेषा एकदा काढली की काम संपलं असं नाही. आंबा-काजूची पानं पुढेही गळत राहतात. इथे ब्लोअर आपली किंमत वसूल करतो: दाताळ्याने दिवस जाईल ते काम तासाभरात होतं, म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा करायचा कंटाळा येत नाही.

घराकडेही हाच हिशेब. घरं बहुतेक वेळा ज्वाळांच्या भिंतीने पेटत नाहीत. वाऱ्याबरोबर आलेली ठिणगी कोरड्या पाल्यात पडते तिथून सुरू होतं. कौलांच्या खाचा, पन्हळ, पडवीचा कोपरा, गोठ्यावरचा पेंढा या त्या जागा. कौलांवर ब्लोअर अर्ध्या थ्रॉटलवर, आढ्याकडून खाली असाच फिरवावा. उलट खालून वर मारला तर पाला कौलांखाली शिरून माळ्यावर साठतो, आणि तिथे तो कोणाला दिसत नाही. भिंतीपासून दीड मीटर काहीच जळणारं नको: लाकडं नकोत, झावळ्या नकोत, प्लास्टिकचे क्रेटही नकोत. पेंढ्याची उडवी घरापासून लांब, वाऱ्याची दिशा बघून.

आग लागल्यावर? ज्वाळा गुडघ्याच्या वर असतील तर ब्लोअर बाजूला ठेवा. वाळलेल्या उंच गवतात समोरून वारा मारणं म्हणजे आगीला भाता लावणं. ज्वाळा ठेंगण्या असतील तेव्हा जळून गेलेल्या बाजूने शेपटीकडून, म्हणजे आगीच्या मागच्या टोकाकडून सुरुवात करायची, कडेकडेने पुढे जायचं आणि नळीचं तोंड ज्वाळेच्या बुडाशी, जळालेल्या काळ्या भागाकडे रोखायचं. लांबून मारलं तर नुसता प्राणवायू मिळतो. मागे एक माणूस ओल्या डहाळीचा झोडपा घेऊन, आणि त्याच्या मागे १६ लिटरचा बॅटरीचा फवारणी पंप घेतलेला तिसरा हवा. धुमसणाऱ्या ओंडक्यावर ब्लोअर कधीच मारू नये, ठिणग्या रेषेपलीकडे जातात. तिथे पाणी आणि माती. अंगात सुती कपडे, पायात चामड्याचे बूट, डोळ्यांना गॉगल, कानाला मफ. पॉलिएस्टरचा टी-शर्ट कातडीला चिकटतो. तीन माणसं जमत नसतील तर मशीन बाहेर काढू नका, वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन फिरवा आणि घराभोवतीची जागा राखा.

एक विनोदी वाटेल पण खरी गोष्ट: वणव्यासाठी आणलेला ब्लोअर स्वतः वणवा लावू शकतो. तापलेला सायलेन्सर वाळल्या गवतावर टेकवला की पुरे. मशीन उघड्या मातीवरच ठेवा, दहा मिनिटं गार होऊ द्या, मगच पेट्रोल भरा. सायलेन्सरमधली ठिणगी अडवणारी जाळी काजळीने तुंबली की ताकद कमी होते. काही मेकॅनिक ती सरळ काढून टाकतात. ती काढायची नाही, घासून परत बसवायची. स्वस्त मशीन घेताना ही जाळी आहे का ते आधी बघा. नसेल तर ते मशीन बागेच्या कामाचं नाही.

देखभाल फार नाही, पण टाळली तर महाग पडते. राखेत काम झालं की एअर फिल्टर त्याच दिवशी झटकायचा. पावसाळ्यापूर्वी टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा ओढतं, चार महिन्यांत कार्ब्युरेटरचा पडदा कडक होतो आणि नोव्हेंबरात दोरी ओढून खांदा दुखतो, मशीन काही सुरू होत नाही. मिश्रण महिन्याभरापेक्षा जुनं वापरू नका.

एक-दोन एकरांच्या बागेसाठी एकट्याने एवढं मोठं मशीन घेणं परवडत नाही. लागून असलेल्या पाच-सहा बागांनी मिळून एक ब्लोअर आणि दोन ग्रासकटर घेतले तर रेषाही सलग होते, आणि तसंही शेजाऱ्याची बाग गवताने भरलेली असेल तर तुमची रेषा अर्धीच. खरेदीपूर्वी तालुक्याच्या ठिकाणी स्टार्टरची दोरी, स्पार्क प्लग, फिल्टर आणि कार्ब्युरेटरचं किट मिळतं का ते विचारा. मिळत नसेल तर दुसरी कंपनी बघा, मशीन कितीही चांगलं असलं तरी.