‘८० न्यूटन-मीटर’च्या स्टिकरखाली काय होते?

गोव्यातील मार्दोळहून फर्मागुढीपर्यंतची चढण नेहमीची असल्यामुळे इलेक्ट्रिक सायकल घेताना मी दुकानदाराला फक्त चढणीबद्दलच विचारले होते. मागच्या हबवरील, म्हणजे चाकाच्या मध्यभागी मोटर असलेल्या भागावरील, ‘गिअर्ड, ८० न्यूटन-मीटर’ या स्टिकरकडे बोट दाखवून तो म्हणाला, ‘साहेब, एवढ्या टॉर्कपुढे फर्मागुढी म्हणजे काहीच नाही.’ टॉर्क म्हणजे चाक फिरवणारा जोर; तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. याच आकड्यापोटी शेजारच्या मॉडेलपेक्षा जास्त किंमत लावून ती सायकल मला विकण्यात आली. चालवून पाहायला रस्ता सपाट दिला गेला आणि दुकानात सायकल स्टँडवर चढवून मागचे चाक गरगर फिरवून दाखवले गेले. अधांतरी चाक कितीही किरकोळ मोटर फिरवते; त्यावरून टॉर्कचा काहीच अंदाज येत नाही.

प्रत्यक्ष चढणीवर सायकल निम्म्या वाटेत रेंगाळू लागली, हब हात लावू नये इतका तापला आणि मोटरला जाणारी वीज नियंत्रित करणाऱ्या कंट्रोलरने पुरवठा तोडला. दुकानदाराने आधी बॅटरी नवी असल्याचे कारण दिले, मग माझ्या वजनाचे, आणि शेवटी वर पैसे भरून ‘जास्त पॉवरचा’ कंट्रोलर बसवण्याचा सल्ला दिला. फोंड्यातील एका मेकॅनिकने स्टिकर सोलले, तेव्हा खाली मूळ अक्षरे दिसली: ३६ व्होल्ट, २५० वॅट. टॉर्कचा उल्लेख नव्हता. झाकण उघडल्यावर आत गिअरही नव्हते.

या आकड्यातला खोटेपणा साध्या गणिताने उघडा पडतो. टॉर्कला चाकाच्या मिनिटातील फेऱ्यांनी गुणून ९.५५ ने भागले की वॅट मिळतात. २६ इंची चाक ताशी २५ किलोमीटर वेगाला मिनिटाला सुमारे २०० फेरे घेते, म्हणजे त्या वेगाला ८० न्यूटन-मीटर हवे असतील तर जवळजवळ १,६८० वॅट लागतील. माझ्या कंट्रोलरची मर्यादा १५ अँपिअर होती. ३६ व्होल्टला तो बॅटरीतून फार तर ५४० वॅट ओढतो आणि त्यातलाही काही भाग उष्णतेत जातो. वेग कमी असताना टॉर्क जास्त मिळू शकतो हे खरे, म्हणूनच टॉर्कचा आकडा किती फेऱ्यांना आणि किती वेळ टिकतो, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नसतो.

स्वार आणि सायकल मिळून १०० किलो वजन शंभर मीटरला आठ मीटर उंच होणाऱ्या रस्त्यावरून न्यायचे, तर चाकाशी सुमारे ३० न्यूटन-मीटर लागतात. चांगली २५० वॅटची गिअर्ड हब मोटर ताशी दहा किलोमीटरच्या आसपास हे काम करू शकते, कारण आतली मोटर वेगाने फिरते आणि गिअर तिचा वेग उतरवून टॉर्क वाढवतात. तेवढ्याच वॅटची बिनगिअरची लहान मोटर इतक्या कमी फेऱ्यांना बरीचशी वीज तारांच्या वेटोळ्यांतच जाळते.

मोठ्या कंट्रोलरचा सल्ला तर मला स्टिकरपेक्षाही घातक वाटतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची सलग अर्धा तास टिकणारी शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तरच इतर अटींसह अशा सायकलला नोंदणी आणि परवान्यातून सूट मिळते. ही मर्यादा ओलांडून अपघात झाला, तर निस्तरायचे चालवणाऱ्यालाच, दुकानदाराला नव्हे.

खरेदीपूर्वी वीज बंद ठेवून मागचे चाक हाताने दोन्ही बाजूंना फिरवून पाहावे. बहुतेक गिअर्ड हबचे चाक पुढे मोकळे फिरते आणि मागे फिरवताना जड लागून आतून घरघर ऐकू येते. बिनगिअरच्या हबमध्ये चुंबकांचे बारीक झटके दोन्ही दिशांना सारखेच जाणवतात. कंट्रोलरवरील अँपिअर वाचावेत, टॉर्कचा आकडा बिलावर लिहून मागावा आणि चाचणी चढणीवरच घ्यावी.

माझ्या लेखी नोटिशीला दुकानदाराने ‘स्टिकर कंपनीचेच आहे’ एवढेच उत्तर दिले. स्टिकरचे आणि उघडलेल्या हबचे फोटो, बिल व त्याने पाठवलेली जाहिरात जोडून मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अशी तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही प्राथमिक मार्गदर्शन मिळते. पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत.