मॅटवर सराव की गवतावर?

गोल्फच्या ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागी, कृत्रिम गवताच्या मॅटवरून ७ नंबरच्या आयर्नने (आयर्न हा क्लबचा, म्हणजे गोल्फच्या काठीचा एक प्रकार) ५० चेंडू मारले, बहुतेक सरळ गेले. खुशीत कोर्सवर, म्हणजे खऱ्या खेळाच्या मैदानावर जावं, तर पहिल्याच फटक्याला मातीचं ढेकूळ चेंडूपेक्षा लांब उडतं! ही मॅटची लबाडी. आयर्नचा फटका आधी चेंडूला आणि मग जमिनीला लागायला हवा. क्लब २ इंच मागे टेकला, तर मॅटवर तो घसरत पुढे येतो आणि चेंडू तरीही बरा जातो. गवतावर तोच क्लब मातीत रुततो. शिवाय फटक्याने गवत-मातीची खपली कुठून निघाली हे गवतच दाखवतं. ती चेंडूच्या जागेपुढे निघाली पाहिजे. कडक मॅटवर मनगट-कोपर दुखतात, ते वेगळंच.

पण पावसाळ्यात पुण्या-मुंबईकडे चिखलात कोण उभं राहणार? तेव्हा मॅटच बरी. फक्त चेंडूमागे ४ इंचांवर घडी केलेला टॉवेल ठेवा. क्लब त्याला लागला की फटका चुकला, मग चेंडू कितीही छान उडो. ड्रायव्हरला, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबला, हा वाद फारसा लागू नाही, त्याने चेंडू टीवरूनच (जमिनीत खोचलेल्या छोट्या खुंटीवरून) मारायचा.

गवत मिळत असेल, तर मी २० चेंडूंवरही खूश.