थकलेले बिल: हप्ते बांधून घ्यावेत की मदतीचा अर्ज करावा?

वीज, पाणी किंवा गॅसचे बिल थकले की कमी उत्पन्नाच्या कुटुंबासमोर सहसा दोन वाटा असतात: पुरवठादाराकडून हप्ते बांधून घेणे, किंवा सरकारी योजनेकडे अथवा धर्मादाय संस्थेकडे अर्थसाहाय्याचा अर्ज करणे. हप्त्यांची सोय तुलनेने लवकर होते आणि कागदपत्रेही फारशी लागत नाहीत. मात्र देणे तसेच राहते, दरमहा चालू बिल अधिक हप्ता असा दुहेरी भार पडतो आणि हप्ता चुकला तर उरलेली थकबाकी एकरकमी मागितली जाऊ शकते. म्हणून पुरवठादाराने सांगितलेल्या हप्त्याच्या आकड्याला लगेच मान डोलावू नये.

अर्थसाहाय्य सहसा परत फेडावे लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. परंतु उत्पन्नाचा दाखला, ओळखपत्र आणि ताजे बिल गोळा करण्यातच दिवस जातात, शिवाय निधी संपला तर पात्र असूनही थांबावे लागते. बिल घरमालकाच्या नावावर असेल तर भाडेकरूचा अर्ज अनेकदा तिथेच अडकतो. भाडेकरारात बिल कोणी भरायचे याचा उल्लेख आहे का, हे आधी पाहावे.

पुरवठा तोडण्याची नोटीस हातात पडली असेल, तर माझ्या मते हप्त्यांची विनंती आधी लेखी करावी, तिची पोच घ्यावी आणि तीच पोच मदतीच्या अर्जाला जोडावी. तत्पूर्वी एकच काम: बिलावर ‘सरासरी’ (म्हणजे मीटर न वाचता अंदाजाने काढलेले बिल) असा शेरा असल्यास मीटरवरचा आकडा स्वतः वाचून पडताळावा, कारण मूळ रक्कमच चुकीची असू शकते.