राष्ट्रीय समर स्मारक, दिल्ली: आधी इंडिया गेटवरची नावं वाचा

प्रवेश फुकट, सुरक्षा तपासणी कडक. तरी थेट आत शिरू नका. आधी दहा मिनिटं इंडिया गेटच्या दगडावरची नावं वाचा. १९३१ साली उद्घाटन झालेल्या या कमानीवर तेरा हजारांहून जास्त नावं आहेत, आणि ही माणसं ब्रिटिश बादशहाशी इमान राखण्याची शपथ घेऊन लढली. कमानीजवळच्या दगडी छत्रीच्या मागे, चालत काही मिनिटांवर, २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुलं झालेलं समर स्मारक आहे. आजचा जवान प्रशिक्षणाच्या शेवटी होणाऱ्या कसम परेडला शपथ घेतो ती संविधानाशी निष्ठेची. जमीन, समुद्र किंवा आकाश, जिथे हुकूम होईल तिथे जाईन, राष्ट्रपतींचे आणि वरिष्ठांचे आदेश जिवाची जोखीम पत्करूनही पाळीन, असं त्यात आहे. ईश्वराचं नाव घ्यायचं की नुसती प्रतिज्ञा करायची, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

स्मारकात एकात एक चार चक्रं आहेत. बाहेरून आत येताना आधी झाडांचं रक्षक चक्र, मग त्याग, वीरता आणि मधोमध ज्योतीचं अमर चक्र. वेळ द्यायचा तो त्याग चक्राला. चक्रव्यूहासारख्या गोल भिंतींवर ग्रॅनाइटच्या विटा आहेत आणि त्यांवर सोनेरी अक्षरांत हुद्दा, नाव, पलटण. उद्घाटनाच्या वेळी २५,९४२ नावं होती. पलटणींची नावं संक्षेपात असल्यामुळे नवख्याला काही उमगत नाही. आपल्या गावचा जवान शोधायचा असेल तर भिंतीसमोर डोळे ताणण्यापेक्षा आधी टचस्क्रीनवर नाव टाकून जागा काढा.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. पहिले परमवीरचक्र विजेते मेजर सोमनाथ शर्मा यांना कमिशन मिळालं १९४२ मध्ये, ब्रिटिश राजवटीत. ३ नोव्हेंबर १९४७ ला काश्मीरमध्ये बडगामला ते धारातीर्थी पडले तेव्हा संविधान लागू व्हायला दोन वर्षांहून जास्त अवकाश होता. म्हणजे 'संविधानाची शपथ घेतलेले' हे वर्णन या भिंतीवरच्या प्रत्येकाला लागू पडत नाही. शर्मा लढले ते नव्या देशासाठी, पण त्या देशाच्या शपथेचे आजचे शब्द तेव्हा लिहूनही झाले नव्हते.

वीरता चक्रात ब्राँझची सहा भित्तिचित्रं आहेत. रेझांग ला (१९६२) आणि लोंगेवाला (१९७१) या लढायांची चित्रं चुकवू नका. परमयोद्धा स्थळावर २१ परमवीरचक्र विजेत्यांचे अर्धपुतळे आहेत. त्यांतल्या १४ जणांना पदक मरणोत्तर मिळालं, म्हणजे सात जण ते घ्यायला हयात होते. घाईतल्या पर्यटकाच्या हे ध्यानात येत नाही.

उन्हाळ्यात दुपारी जाऊ नका, दगड तापतो आणि सावली बेताची. संध्याकाळी जा. सूर्यास्ताच्या सुमारास एखाद्या शहीद जवानाचे कुटुंबीय पुष्पचक्र वाहतात. तेव्हा मोबाइल खिशात ठेवा.