मँडरिन मासा: समुद्रातून पकडलेला घ्यावा की टाकीत पैदास झालेला?

मँडरिन मासा टिकत नाही, अशी तक्रार सागरी मत्स्यालय बाळगणारे वारंवार करतात. वास्तविक हा मासा रोगाने तुलनेने कमी दगावतो. खवल्यांऐवजी त्याच्या अंगावर कडवट श्लेष्म्याचा जाड थर असतो आणि त्यामुळे पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा त्रासही त्याला इतर माशांइतका होत नाही. तो मरतो तो बहुधा उपासमारीने, आणि तीही आठवडेच्या आठवडे, मालकाच्या डोळ्यांदेखत. म्हणून दोन्हींमधून निवड करताना पाहायचे ते एवढेच, की आपल्या टाकीत त्याचे पोट कशावर भरणार आहे.

जपानच्या र्‍युक्यू बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या प्रवाळांमध्ये हा मासा दिवसभर कोपेपॉड, ॲम्फिपॉड असे बारीक जीव एकेक करून टिपत असतो. एकदा पोटभर खाऊन दिवस काढण्याची त्याच्या शरीराची ठेवणच नाही. समुद्रातून पकडलेला मासा ही सवय घेऊनच येतो. पाण्यात पडलेल्या गोठवलेल्या खाद्याकडे त्यातले बरेचसे ढुंकूनही पाहत नाहीत. अशा माशासाठी किमान 250 ते 300 लिटरची, भरपूर जिवंत खडक (बारीक जीवांची वस्ती असलेले सागरी दगड) असलेली आणि सुमारे वर्षभर चाललेली टाकी हवी. शैवाल वाढवलेले रेफ्युजियम, म्हणजे मासे नसलेली वेगळी छोटी टाकी, जोडलेले असेल तर कोपेपॉडांची पैदास माशांच्या तोंडापासून दूर, सुरक्षित चालू राहते. टाकी तयार आहे की नाही हे तपासणे सोपे आहे: दिवे मालवून तासाभराने काचेवर विजेरीचा झोत टाकावा, मोहरीहूनही बारीक पांढरे ठिपके झटके देत सरकताना जागोजागी दिसले नाहीत, तर मासा आणण्याची घाई करू नये. बाटलीतले कोपेपॉड एकदा ओतल्याने ही उणीव भरून निघत नाही, कारण भुकेला मँडरिन ते वाढण्याआधीच संपवतो. सिक्सलाइन राससारखा त्याच खाद्यावर जगणारा मासा आधीपासून टाकीत असेल, तर हिशेब आणखी बिघडतो.

टाकीत पैदास झालेल्या पिल्लांची व्यापारी विक्री 2010 च्या सुमारास सुरू झाली. ही पिल्ले लहानपणापासून गोठवलेल्या खाद्यावर, काही तर बारीक पेलेटवरही वाढवलेली असतात, हा त्यांचा मोठाच फायदा आहे. मात्र त्यावर विसंबून नव्या किंवा लहान टाकीत मँडरिन सोडण्याचा मोह अनेकांना होतो, आणि माझ्या मते या पर्यायाची खरी जोखीम तिथेच आहे. पिल्लू जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचे असते, सावकाश खाते, आणि चपळ मासे त्याच्यासमोरचा घास पळवतात. त्यामुळे पहिले काही आठवडे त्याला टाकीतच टांगलेल्या जाळीच्या पेटीत ठेवून दिवसातून तीन-चार वेळा खायला घालावे लागते. पुढे मोकळे सोडल्यावर ठरलेल्या जागी ठेवलेल्या लहान काचेच्या वाटीत पिचकारीने खाद्य सोडण्याची सवय लावता येते. ब्राइन श्रिंप या खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवाची नुकतीच उबलेली पिल्ले त्याला चांगली मानवतात. मोठी ब्राइन श्रिंप मात्र पोषणमूल्य वाढवल्याशिवाय फारशी उपयोगाची नाही.

जोडी ठेवायची असेल तर पारडे थोडे समुद्रातून पकडलेल्या माशाकडे झुकते. प्रौढ नराच्या पाठीवरील पहिल्या पराचा काटा लांब असल्याने मोठे मासे नर-मादी ओळखून घेता येतात. लहान पिल्लांत हे कळत नाही, आणि दोन नर एकत्र आले तर झुंज ठरलेलीच.

कोणताही घ्या, मासा वरून पाहा. डोक्यामागचा भाग भरलेला व गोलसर हवा. तिथे खळगा असेल किंवा पोट आत ओढलेले असेल, तर रंग कितीही झळाळता असला तरी तो घेऊ नये. समुद्रातला असेल तर अंगावर बारीक टोचल्याच्या खुणाही शोधाव्यात, कारण फिलिपिन्समध्ये काही मच्छीमार हे मासे सुईसारख्या भाल्याने टिपतात.

वर्षभर जुनी, जीवजंतूंनी भरलेली मोठी टाकी असणाऱ्याला दोन्ही पर्याय खुले आहेत, तरीही मी पैदास झालेलाच सुचवीन. टाकी मध्यम आहे पण रोज अनेकदा खाद्य घालण्याइतका वेळ आहे, अशांनी फक्त पैदास झालेला, तोही विक्रेत्याकडे आपल्यासमोर खाद्य टिपताना पाहूनच घ्यावा. टाकीही नवी आणि वेळही नाही, अशांनी तूर्त दोन्ही टाळावेत.