मॅक्सीचा फुकट डेटा : एक्स-रे आकाश बघणाऱ्यांनी वापराच

आकाशातले एक्स-रे सोर्स कसे कमीजास्त होतात हे घरबसल्या बघायचं असेल तर जपानच्या मॅक्सी या एक्स-रे कॅमेऱ्याची लाइट कर्व्ह (वेळेनुसार चमक दाखवणारा ग्राफ) सर्व्हिस खरंच भारी आहे, लॉगिन नाही, पैसे नाहीत, सोर्सचं नाव शोधलं की ग्राफ समोर आणि आकडे साध्या टेक्स्ट फाइलमधे. मॅक्सी 2009 पासून स्पेस स्टेशनच्या किबो या जपानी भागावर बाहेर बसवलाय, स्टेशन साधारण 92 मिनिटांत पृथ्वीला फेरी मारतं आणि तेवढ्यात याची नजर जवळजवळ सगळ्या आकाशावरून फिरते.

मला सगळ्यात आवडतं ते वेगवेगळ्या एनर्जी बँडचे ग्राफ एकाखाली एक मिळतात ते. सिग्नस एक्स-1 हे ब्लॅक होल उघडून बघा, हार्ड स्टेटमधून (जास्त एनर्जीचे एक्स-रे वरचढ) सॉफ्टमधे (कमी एनर्जीचे वरचढ) जाताना 2-4 केईव्हीचा (केईव्ही म्हणजे एक्स-रेची एनर्जी मोजायचं एकक) ग्राफ कसा वर उसळतो आणि 10-20 चा मात्र तसा वाढत नाही, ब्लॅक होलभोवती फिरणाऱ्या गरम वायूच्या डिस्कचा मूड बदलला हे डोळ्यांनी दिसतं!! जीआरएस 1915+105 हा दुसरा ब्लॅक होलवाला सोर्स पण बघाच, 1992 पासून तळपत होता आणि 2018 मधे उतरायला लागला, तो उतार बघताना मी तर हरखून गेले.

सूर्य जवळ आला की मधे गॅप पडतात, आणि दिवसाच्या सरासरीत छोटे फ्लेअर (अचानक भडके) बुडतात, त्यासाठी ऑर्बिटवाली (दर फेरीला एक आकडा देणारी) फाइल घ्या. मंद सोर्सला एरर बार (मोजमापातली अनिश्चितता दाखवणाऱ्या रेघा) फार मोठे येतात, तिथे उगाच चढउतार शोधू नका. 15-50 केईव्हीसाठी स्विफ्ट उपग्रहावरच्या बॅट दुर्बिणीचा मॉनिटर सोबत लावा, गॅमा-रेसाठी मात्र फर्मी उपग्रहाकडेच जावं लागतं.